अलका, तुझ्या नावावरचा ठपका

अलका,

परवा तुझ्या शोकसभेत सात जण बोलले आणि सातही जणांनी तुझी बदनामी केली. आपण स्तुती करत आहोत, अशी त्यांची समजूत होती. कुणी तुला शांत म्हटले, कुणी सोशिक. एका संचालकाने तर ‘बाईंनी कधी कुणाला उलटून उत्तर दिले नाही’ असे म्हणत डोळ्यांना रुमाल लावला. याच गृहस्थांनी आपला पासवर्ड चिठ्ठीवर लिहून संगणकाच्या पडद्याला चिकटवला होता, तेव्हा भर कचेरीत तू त्यांना म्हणाली होतीस, “साहेब, किल्ली दारालेच लटकवाची हाय, तं कुलूप कायले लावता?” मी समोरच्या खुर्चीत बसलो होतो. ते हसले होते, कारण हसण्यावाचून दुसरी सोय तू त्यांच्यासाठी ठेवली नव्हतीस. तू सोशिक नव्हतीस. तू भांडखोर होतीस, टोचून बोलणारी होतीस आणि बहुतेक वेळा बरोबर होतीस. तू जाऊन आठवडा उलटला नाही तोच तुला गरीब गाय करून टाकण्याचा जो उद्योग सुरू झाला आहे, तो मी चालू देणार नाही.

सर्वांत शेवटी सचिव देवराव उठले. ‘झाल्यागेल्या चुका पोटात घालून आपण बाईंना निरोप देऊ,’ असे ते म्हणाले. चुका. हा शब्द त्यांच्या तोंडून अनवधानाने निघाला, असे मला दोघांनी समजावले. मी देवरावांना तीस वर्षे ओळखतो. हा माणूस अनवधानाने शिंकतसुद्धा नाही. तुझ्या सेवापुस्तकात तीन वर्षांपासून एक ठपका आहे: ‘निष्काळजीपणा व परवानगीशिवाय यंत्रणेत फेरफार.’ तो तुझ्या जाण्याबरोबर मिटवण्याऐवजी त्यांनी तो तुझ्या फोटोसमोर, फोटोला हार घालून, भरल्या सभागृहात पुन्हा एकदा वाचून दाखवला.

तू गेल्याचे दुःख मी माझ्या घरात करीन. इथे मला भांडायचे आहे. संस्थेच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडे ‘दोनशे शब्द, भावपूर्ण’ असे मागण्यात आले होते. मी नकार कळवला आणि हे पत्र गावच्या साप्ताहिकाच्या अंकात छापायला देतो आहे. भावपूर्ण लिहायला तिथे पुष्कळ लोक आहेत; घडले ते लिहायला कुणी नाही.

आपली कापसाची जिनिंग-प्रेसिंग संस्था, तिचा संगणक विभाग म्हणजे तू एकटी, आणि मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला मानद तांत्रिक सल्लागार. तू नोकरीला लागलीस त्या वर्षी मी तुला दोषवही ठेवायला शिकवले. दोष आठवणीत ठेवायचा नसतो, वहीत ठेवायचा असतो, हे आमच्या एक्स्चेंजमधले पहिले शिक्षण. किती वाजता बिघडले, त्या वेळी काय काय चालू होते, आपण काय केले, असे तीन रकाने मी तुला आखून दिले. दुसऱ्या दिवशी तू वही आणलीस तर त्यात चार रकाने होते. चौथ्यावर तू लिहिले होतेस, ‘काय बंद होते’. मी हसलो. म्हटले, जे बंद आहे ते काय बिघडवणार? तू म्हणालीस, “काका, घरी चोरी झाली तं जो हजर नाई त्याच्यावरचा संशय पयले मिटते न?” मला हे उत्तर पोरकट वाटले होते. त्या चौथ्या रकान्याने पुढे मला हरवले, म्हणून त्याची हकिगत प्रामाणिकपणे सांगणे मला भाग आहे.

तीन वर्षांपूर्वी संस्थेने दुसरा वजनकाटा बांधला आणि नवा सर्व्हर घेतला. दोन्ही काट्यांवरचे वजन एका कार्डातून थेट सर्व्हरवर जाऊ लागले. ज्यांना यातले काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: संगणकाला कार्डाशी बोलता यावे म्हणून एक छोटा प्रोग्राम मध्ये दुभाष्यासारखा बसवावा लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. नागपूरच्या पुरवठादाराच्या अभियंत्याने कार्डासोबत आलेला ड्रायव्हर न वापरता त्याहून नवा बसवला. नवे ते चांगले, एवढाच त्याचा विचार.

मग कापूस खरेदीचा मुहूर्त झाला. आपल्याकडे पहिल्या गाडीची पूजा होते, नारळ फुटतो आणि अध्यक्ष काट्याचे बटण दाबून पहिले वजन घेतात. पण आता काटे दोन होते, आणि अध्यक्ष-उपाध्यक्ष यांच्यात पहिला मान कुणाचा यावरून गेली निवडणूक झाली होती. तोडगा देवरावांनी काढला. दोन गाड्या, दोन नारळ, दोन काटे, आणि ‘तीन’ म्हणताच दोघांनी एकाच क्षणी बटण दाबायचे. कुणी आधी नाही, कुणी नंतर नाही. टाळ्या वाजल्या, दोन बोटे एकदम खाली गेली आणि आत सर्व्हरचा पडदा निळा होऊन सगळे ठप्प झाले. आष्टीकडून पहाटे निघून आलेला गाडीवाला हळद-कुंकवाने माखलेल्या बैलांना धरून उभा होता. तो मोठ्याने म्हणाला, “घ्या बाप्पा, लिंक गेली. आता मुहूर्त का उद्या येते वापस?” सारे हसले. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी तुझ्याकडे पाहिले. तुझ्यावरचा ठपका खरे म्हणजे त्या नजरेत लिहिला गेला. बाकी सगळे नंतरचे कागद.

त्यानंतर सर्व्हर रोज पडू लागला. दुपारी गर्दी वाढली की पडायचा. पुलगावच्या रस्त्याला गाड्यांची रांग लागायची, खिडकीशी लोक येऊन तुला विचारायचे, “बाई, तुमचं कंपुटर उपाशी हाय का?” तू आतून उत्तर द्यायचीस, “तुमच्यासारखंच हाय, दुपारी झोपते.” पण दुपारचा डबा तू न उघडताच परत न्यायचीस. ते मी पाहिले आहे, आणि तुला शांत म्हणणाऱ्या वक्त्याने पाहिलेले नाही.

अभियंता दोनदा आला. त्याने सर्व काही नव्याने भरले, तुझ्याशी हिंदीत बोलला, मॅडम म्हणाला आणि जाताना देवरावांच्या कानात सांगून गेला की यंत्र उत्तम आहे, चालवणारे हात शिकाऊ आहेत. तुला बारा वर्षांचा अनुभव होता. सर्व्हर पडताना एक नोंद मागे टाकून जातो, त्या सगळ्या नोंदी तू उघडल्या होत्यास आणि प्रत्येकीत त्याच ड्रायव्हरचे नाव होते. तू ते त्याला दाखवलेस. तो म्हणाला, नाव आले म्हणून दोष त्याचाच असे ठरत नाही. हे वाक्य तांत्रिकदृष्ट्या खरे आहे. खऱ्या वाक्याचा खोटारडेपणासाठी इतका सफाईदार उपयोग मी क्वचितच पाहिला. पुढच्या हंगामात याच माणसाने दुसऱ्या एका जिनिंगमध्ये निमूटपणे जुना ड्रायव्हर बसवला, ही बातमी तूच मला आणून दिलीस. त्याने तुला फोन केला नाही. माफी मागितली नाही. मी त्याचे नाव इथे लिहीत नाही, पण तो हे वाचेल, कारण मी त्याला अंक पाठवणार आहे.

माझे म्हणणे त्या वेळी वेगळे होते. मी अर्थिंगला दोष देत होतो. गर्दी वाढली की कापसातून सरकी काढणारी यंत्रे, म्हणजे रेचे, जोरात चालतात, व्होल्टेज हलते, अर्थिंग कच्चे असेल तर नाजूक यंत्र कोलमडते. चाळीस वर्षांच्या नोकरीत मी शंभर ठिकाणी हे पाहिले होते. तू वही उघडून चौथ्या रकान्यावर बोट ठेवलेस. मुहूर्ताच्या दिवशी, बंद काय होते? रेचे. सगळेच्या सगळे.

“काका, त्या दिवशी एकबी रेचा चालू नोयता. मंग व्होल्टेज कोणं हालवलं, अध्यक्षानं?”

मी म्हणालो, अपवादाने नियम मोडत नाही. आणि नव्या अर्थिंगसाठी खड्डा खणवला. कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी, बादल्यांनी पाणी, सगळे शास्त्रशुद्ध. त्यानंतर चार दिवस सर्व्हर एकदाही पडला नाही. पाचव्या दिवशी देवरावांनी घाईघाईने सभा बोलावून मला शाल आणि श्रीफळ दिले. मी ते घेतले. तू मागच्या रांगेत उभी राहून टाळ्या वाजवल्यास, आणि सभा सुटल्यावर दारात मला गाठून हळूच सांगितलेस की हे चार दिवस दुसरा काटा वजनमापे निरीक्षकाच्या तपासणीसाठी बंद होता. तो आज दुपारी सुरू होणार आहे.

“आता पाह्यजा,” म्हणालीस.

दुपारी सर्व्हर पडला.

दोन काटे एकाच क्षणी बोलू लागले की नवा दुभाष्या गोंधळतो आणि सगळे घर खाली आणतो, हे तू ओळखले होतेस. गर्दी वाढली की असे क्षण वाढतात, म्हणून दोष गर्दीचा वाटतो. पण देवरावांना तोंडी समजावून उपयोग नव्हता. रविवारी, खरेदी बंद असताना, तू चाचणी घेतलीस. श्रावण आणि बबन हे दोन हमाल दोन काट्यांच्या केबिनमध्ये बसवलेस, काट्यांवर रिकाम्या ट्रॉल्या उभ्या होत्या, आणि सर्व्हरच्या खोलीच्या खिडकीतून तू रुमाल हलवत होतीस. माझ्यासाठी खुर्ची मांडली होतीस. “काका, तुमी फक्त पाहा. बोलू नका,” अशी तंबीही दिली होतीस.

आधी एकेक काटा. वीस वेळा वजन घेतले, काही झाले नाही. मग दोन्ही एकदम. तिकडून श्रावण ओरडला, “बाई, हा बबन्या रुमालाच्या आधीच दाबते! लगनातबी यानं अशीच घाई केलती, अंतरपाट सुटाच्या आधीच हार टाकला!” बबनने तिकडून जे उत्तर दिले ते मी छापत नाही. चौथ्या खेपेला दोघांचा मेळ जमला आणि पडदा निळा झाला. पुन्हा सुरू केला, पुन्हा पाडला. मग तू नवा ड्रायव्हर काढून कार्डासोबत आलेला जुना बसवलास. श्रावण-बबन बटणे दाबत राहिले. “बाई, आता बोट दुखून राह्यलं,” अशी तक्रार आली तरी तू थांबू दिले नाहीस. सर्व्हर पडला नाही. कोणीही सामान्य माणूस इथे थांबला असता. तू नवा ड्रायव्हर पुन्हा बसवलास, सर्व्हर पुन्हा पाडलास, आणि मग जुना कायमचा बसवलास. माझ्याकडे वळून म्हणालीस:

“काका, मंधात अर्थिंग बदललं का कोणं?”

इतकी स्वच्छ चाचणी मी आमच्या खात्यातही कधी पाहिली नाही. हे मी तुला त्या वेळी सांगायला हवे होते. मी घड्याळ पाहिले, जेवायला उशीर होतो आहे असे म्हणालो आणि निघालो. तू खिडकीत रुमाल घेऊन उभी होतीस.

त्या दिवसापासून आजपर्यंत तो सर्व्हर दोन काट्यांमुळे एकदाही पडलेला नाही. श्रेय कुणाला मिळाले? त्याच आठवड्यात देवरावांनी आणलेल्या नव्या स्टॅबिलायझरला. आणि तुला काय मिळाले? चौकशी. परवानगीशिवाय यंत्रणेत फेरफार केलास म्हणून. ज्या कृतीने रोग गेला, तीच तुझा गुन्हा ठरली. चौकशी समितीच्या अहवालात तुझ्या त्या रविवारबद्दल एकच वाक्य आहे: ‘सदर तथाकथित चाचणीस कोणीही जबाबदार व्यक्ती हजर नव्हती.’ हमालांना जबाबदार व्यक्तींत धरत नाहीत, हे ओघानेच आले. या एका वाक्यावर तुझी संगणक विभागातून फाटकावर, गेटपास लिहायला बदली झाली.

अहवालाखाली तीन सह्या आहेत. एक देवरावांची, एक उपाध्यक्षांची, आणि तिसरी माझी.

मी ते वाक्य वाचले होते, अलका. घाईत सही केली, असे मी म्हणणार नाही. चष्मा पुसून वाचले होते. अर्थिंगचा परिच्छेद माझा होता आणि तो सुंदर लिहिलेला होता. तुझी चाचणी खरी धरली तर तो परिच्छेद गेला, शाल गेली, आणि ‘साहेबांनी हात लावला की दोष जातो’ ही गावातली माझी ख्याती गेली. मी त्या खुर्चीत बसलो होतो, आणि त्या खुर्चीत कुणी नव्हते अशी सही मी केली.

तुला हे ठाऊक होते. तरीही तू कधी सभेत उठून ‘हे म्हातारे तिथेच होते’ असे म्हणाली नाहीस. श्रावण आणि बबन साक्ष द्यायला निघाले होते, त्यांनाही तूच अडवलेस, असे परवा श्रावणने मला सांगितले. काऊन, असे त्याने तुला विचारले. तू म्हणालीस, “त्यायचं त्यायले सांगू दे.” या वाक्याला सोशिकपणा म्हणणाऱ्या माणसाला मराठी कळत नाही. ही शिक्षा होती. तू ती मला तीन वर्षे रोज दिलीस. मी फाटकातून आत शिरलो की गेटपासच्या टेबलावरून तुझा आवाज यायचा, “या काका, अर्थिंग कसं हाय?” मी म्हणायचो, “ठीक आहे.” मग तू डबा उघडून कोथिंबिरीची सांभारवडी पुढे करायचीस. मी ती खायचो. हयातीचा दाखला काढायला माझा अंगठा बँकेतल्या यंत्रावर उमटेना, तर तू सुटीच्या दिवशी तुझ्या केळझरहून गाडी काढून, तसलेच यंत्र घेऊन घरी आलीस, माझी बोटे ओल्या फडक्याने पुसलीस, आणि जिवंत असल्याचा माझा पुरावा सरकारला पाठवलास. त्या दिवशी आपण दोघेच होतो. तू मुद्दाम काही विचारले नाहीस. मी मुद्दाम काही सांगितले नाही. पुढच्या आठवड्यात सांगू, असे मनाशी ठरवून मी तुला चहा केला. लगेच तुला ताप आला, आठ दिवसांत तू गेलीस, आणि माझा पुढचा आठवडा त्यात निघून गेला.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी देवरावांच्या कचेरीत गेलो. ठपका रद्द करा, म्हटले.

“काकाजी, बसा न. पाणी घ्या. आता जुनं कायले उकरता?”

मी बसलो नाही. म्हणालो, चला, सर्व्हरवर तो नवा ड्रायव्हर परत चढवू. तुमचा स्टॅबिलायझर आहे, माझे अर्थिंग आहे, दोन्ही शाबूत आहेत. दोन्ही काटे एकदम चालवू. पडला नाही तर मी भर बाजारात बाईंना दोषी म्हणेन.

देवराव ताडकन म्हणाले, “नाई नाई, सीझन तोंडावर हाय, येवढी रिस्क कोण घेते?”

म्हणजे दोष कुठे होता, हे त्यांना ठाऊक आहे. त्या दिवशीही ठाऊक होते. मी हेच त्यांना ऐकवले. त्यांनी कपाटातून अहवाल काढून माझ्यापुढे सरकवला आणि तिसऱ्या सहीवर बोट ठेवले. “हे कोणाची हाय, काकाजी? खोटं असीन तं तुमचंबी खोटं हाय. तुमालेच लोक विचारतीन.”

“विचारू द्या,” मी म्हणालो.

“पण आता कोणासाठी? बाई तं गेली.”

“मी आहे ना, देवराव. तुमच्यासाठी.”

त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडताना मी शांतपणे पाहिला. तू असतीस तर पाणी घेऊन आली असतीस आणि ‘साहेब, पंखा लावू का?’ असे विचारून त्यांना अधिकच घाम फोडला असतास.

काल मी संचालक मंडळाला पत्र लिहिले आहे. पहिल्याच ओळीत लिहिले आहे की त्या रविवारच्या चाचणीला मी पहिल्या बटणापासून शेवटच्या बटणापर्यंत हजर होतो, आणि हजर नव्हतो अशी खोटी सही मी समजून-उमजून केली. त्याखाली तुझी चाचणी टप्प्याटप्प्याने मांडली आहे. श्रावण आणि बबन यांनी आपली नावे स्वतःच्या हाताने घातली आहेत. पत्राच्या शेवटी मी एक यादी जोडली आहे: या प्रकरणात जाणूनबुजून खोटे लिहिणाऱ्यांची. मी वयाने सर्वांत मोठा आहे, त्यामुळे पहिले नाव माझे आहे, आणि सभेत ते पहिले वाचले जावे ही माझी अट आहे. दुसरी ओळ देवरावांसाठी रिकामी ठेवली आहे. तिथे नाव मी लिहिणार नाही; ते त्यांनी स्वतः, सगळ्यांसमोर, माझ्या नावाखाली लिहायचे आहे.

सोमवारी बैठक अकराला आहे. मी दहालाच जाऊन बसणार आहे, आणि लेखणी माझ्या खिशात असेल.